आधी डबा उघडा, मग बोलू

कधीच बाजारात न आलेल्या एखाद्या जुन्या गेम कन्सोलचा प्रोटोटाइप (म्हणजे कंपनीने चाचणीपुरता बनवलेला नमुना) सापडला असं कोणी जाहीर केलं की तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी फोटो बघूनच हरखते, बाप रे, म्हणजे ते सगळं खरं होतं तर! दुसरी तितक्याच वेगात निकाल देऊन मोकळी होते की फेक आहे, सावली बघा, लोगोचा फॉन्ट बघा. दोघांपैकी कोणीही वस्तू हातात घेतलेली नसते, आतला बोर्ड पाहिलेला नसतो, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची फारशी गरजही वाटत नसते. मी स्वतः पहिल्या दिवशी कायम दुसऱ्या पार्टीच्या आसपास उभा असतो, म्हणजे मी असल्या दाव्यावर विश्वास ठेवत नाही. पण विश्वास न ठेवणं म्हणजे खोटं ठरवणं नाही, अजून काहीच ठरवलेलं नाही, दाखवा मग बघू, एवढंच त्यात आहे. आणि माझं म्हणणं असं की "दाखवा" म्हणणाऱ्याला उद्धट, जळका, नकारात्मक वगैरे ठरवायची जी सवय लागलीये ना, ती खोटं विकणाऱ्याच्या सगळ्यात जास्त फायद्याची आहे.

संशय का घ्यायचा याचं पहिलं उत्तर पैसा. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद कॉपी हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात सुपर मारिओ ब्रदर्सची एक सीलबंद कॉपी दुसरीकडे २० लाख डॉलरला विकली गेली. हे दोन्ही गेम जगभर लाखोंच्या संख्येने विकले गेलेले, म्हणजे दुर्मिळ होतं ते फक्त न फाडलेलं प्लास्टिक. मग जगात एकच पीस आहे असं ज्याच्याबद्दल सांगता येईल त्याला काय भाव येऊ शकतो याचा विचार करा, आणि तो पीस घरी बनवायला जुना कन्सोल, थ्रीडी प्रिंटर, थोडं सोल्डरिंग आणि बरा रंगारी एवढंच लागत असेल तर कोणीच प्रयत्न करणार नाही असं समजणं म्हणजे भोळेपणाची हद्द झाली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नकली नोट ओळखायला असली नोट खिशात असते, प्रोटोटाइपचं तसं नसतं, ताडून बघायला दुसरा पीसच नसतो. शिवाय प्रोटोटाइपच्या बाबतीत प्रत्येक विसंगतीला एक रेडिमेड उत्तर तयार असतं. स्क्रू वेगळे आहेत? प्रोटोटाइप आहे ना. लोगो तिरका बसलाय? अहो हाताने लावलेला असणार. पोर्ट भलत्याच कंपनीचे दिसतायत? तेव्हा डिझाइन फायनल नव्हतं. ही सगळी उत्तरं खरीही असू शकतात, आणि नेमकी तिथेच पंचाईत आहे. ज्या दाव्यात प्रत्येक खोट हीच खरेपणाची खूण म्हणून खपवता येते तो दावा नुसत्या बाहेरून बघण्याने कधीच खोटा पडणार नाही, पुढची शंभर वर्षं फोटो झूम करत बसलात तरी.

आता दोन उदाहरणं बघू, कारण दोन्हींचा निकाल लागलेला आहे आणि तो एकदम उलटसुलट लागलाय.

पहिलं कोलेको कॅमेलियनचं. याची सुरुवात २०१५ मध्ये रेट्रो व्हीजीएस नावाने झाली, कार्ट्रिजवर चालणारा नवा कन्सोल, जुन्या पद्धतीचे गेम, ऑनलाइनची कटकट नाही. कल्पना चांगली होती, मलाही आवडली असती. बाहेरच्या केसिंगसाठी अटारी जॅग्वार या जुन्या कन्सोलचे मूळ साचे विकत घेतलेले होते, जे मधल्या काळात दातांच्या डॉक्टरांच्या कॅमेऱ्याचं केसिंग बनवायला वापरले गेले होते (हा सगळ्या प्रकरणातला माझा सर्वात आवडता तपशील, आणि तो खरा आहे). त्यांनी लोकवर्गणीतून १९ लाख ५० हजार डॉलर मागितले, लाखभरही जमले नाहीत. चालणारा प्रोटोटाइप का दाखवत नाही असं लोक तेव्हापासूनच विचारत होते. मग त्यांनी कोलेको हे एका जुन्या गेम कंपनीचं नाव घेतलं, प्रोजेक्टचं नाव कॅमेलियन झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये एक पीस टेबलावर आला, स्क्रीनवर गेम चालू, सगळं झकास. पण कोणीतरी मागच्या बाजूचे फोटो काढले आणि ते पोर्ट ज्या अंतराने, ज्या क्रमाने बसले होते ते सुपर निन्टेन्डो या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या नंतर आलेल्या छोट्या मॉडेलशी जुळत होते, म्हणजे जॅग्वारच्या डब्यात सरळ सुपर निन्टेन्डो कोंबलाय असा संशय आला. यावर खुलासा म्हणून त्यांनी पारदर्शक केसिंगमधला दुसरा पीस दाखवला, घ्या बघा आतला बोर्ड. लोकांनी बघितला. तो बोर्ड सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरमध्ये लावायचं जुनं कॅप्चर कार्ड निघालं, अगदी मॉडेलसकट ओळखलं लोकांनी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडीच राहतं. कोलेको नावाचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिने मग सांगितलं की आमचे इंजिनिअर येऊन पीस तपासतील, आणि मार्च २०१६ मध्ये प्रोजेक्टच गुंडाळला गेला.

इथे लक्षात घ्या, त्या टेबलावर गेम खरोखर चालत होता. म्हणजे "अहो मी डोळ्यांनी चालताना बघितलाय" याची किंमत किती, तर जवळपास शून्य.

दुसरं उदाहरण बरोब्बर उलटं. जुलै २०१५ मध्ये एका बापलेकाने फोटो टाकले, सोनी आणि निन्टेन्डो दोघांचं नाव असलेला कन्सोल, वर सुपर फॅमिकॉमची (सुपर निन्टेन्डोचं जपानमधलं नाव) कार्ट्रिज लावायची जागा, पुढे सीडी ड्राइव्ह, आणि कंट्रोलर सुपर निन्टेन्डोसारखाच पण त्यावर सोनी प्लेस्टेशन लिहिलेलं. यामागचा इतिहास खरा आहे आणि भारी आहे, जून १९९१ मध्ये शिकागोच्या सीईएस प्रदर्शनात सोनीने सुपर निन्टेन्डोशी जोडलेल्या सीडी मशीनची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जाणार असं जाहीर करून सोनीला तोंडघशी पाडलं, पुढे सोनी एकटी निघाली आणि डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचा प्लेस्टेशन घेऊन आली. त्या मोडलेल्या सोयरिकीचा खरा पीस म्हणजे या छंदातलं सगळ्यात मोठं घबाडच की. साहजिकच फोटो आल्या आल्या ढिगाने लोक म्हणाले फेक. फोटोशॉप आहे, केसिंग बनवलंय, पिवळेपणा मुद्दाम आणलाय. आणि दिसायला ते खरंच संशयास्पद होतं, एखाद्याला खोटा प्रोटोटाइप बनवायचा असता तर त्याने नेमका हाच बनवला असता.

पण मालकांनी काय केलं बघा. वस्तू कुठून आली ते सांगितलं, आणि ती हकीकत तपासता येण्यासारखी होती. अ‍ॅडव्हान्टा नावाची वित्त कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातला एक लॉट यांनी साधारण ७५ डॉलरला उचलला. आणि सोनीच्या गेम विभागाचे एकेकाळचे प्रमुख ओलाफ ओलाफसन हे नंतर त्याच कंपनीत होते. म्हणजे सोनीच्या साहेबाच्या कपाटातून वस्तू त्या इमारतीत कशी पोचली असेल याचा रस्ता दिसतो. "माझे काका तिथे कामाला होते" छाप गोष्ट नव्हती ती, कंपनीचं नाव, माणसाचं नाव, दिवाळखोरीचं रेकॉर्ड सगळं कोणालाही शोधता येईल असं होतं. त्यानंतर त्यांनी कन्सोल लोकांसमोर नेला, पत्रकारांना वापरून बघू दिला, आणि २०१६ मध्ये बेन हेकेनडॉर्न या हार्डवेअरवाल्याकडे दिला ज्याने तो कॅमेऱ्यासमोर स्क्रूपासून खोलला, एकेक चिप दाखवली, आणि २०१७ मध्ये बंद पडलेला सीडी ड्राइव्हसुद्धा चालू करून दाखवला. त्याबरोबरच्या कार्ट्रिजमधला बूट प्रोग्राम कॉपी होऊन बाहेर आला, त्याच्या आधारावर एम्युलेटरवाल्यांनी ते मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं, हौशी लोकांनी त्या कधीच न आलेल्या कन्सोलसाठी नवा गेमसुद्धा लिहिला. मार्च २०२० मध्ये तो लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरला गेला.

तर दोन्ही वेळेला फोटोवरून काढलेले निष्कर्ष काय झाले? प्रदर्शनात गेम चालवून दाखवणारा खोटा निघाला, आणि फोटोशॉप वाटणारा खरा. फरक पडला तो एकाच गोष्टीने, एकाचा डबा आतून बघायची मागणी झाली तेव्हा भलताच बोर्ड पुढे आला, आणि दुसऱ्याचा डबा मालकाने स्वतःहून उघडू दिला. आपल्याकडे म्हणतातच, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून तर मूठ झाकून ठेवणाऱ्याला आधी विचारायचं असतं.

बरं, डबा उघडला म्हणजे लगेच सगळं कळतं असंही नाही हं. इथे लोक फार पटकन हुशार होतात. चिपवर सहसा चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे, म्हणजे ९१२० असेल तर १९९१ चा विसावा आठवडा. आता १९९१ चा म्हणून सांगितलेल्या बोर्डावर १९९७ ची चिप निघाली तर दाव्याला जबर धक्का बसतो, मालकाला सांगावं लागेल की ही नंतर कोणी आणि का बदलली. पण सगळ्या चिप १९९० च्या निघाल्या म्हणून काय सिद्ध झालं? काहीच नाही, कारण त्या काळातल्या जुन्या, न वापरलेल्या चिप आजही विकत मिळतात, नाहीतर त्याच वर्षाचा स्वस्तातला कन्सोल फोडून काढता येतात. सोल्डरचं तेच. युरोपच्या नियमामुळे जुलै २००६ नंतर शिसं असलेलं सोल्डर बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक्समधून गेलं, त्यामुळे १९९१ च्या बोर्डावर सगळीकडे बिनशिशाचं सोल्डर दिसलं तर खेळ खलास, पण शिशाचं दिसलं तर त्यावरून काही कळत नाही, ते सोल्डर हौशी माणसाच्या टेबलावर आजही असतं. पिवळेपणावर तर मी बोलूच नये. जुनं एबीएस प्लास्टिक काळ आणि उन्हाने पिवळं पडतं हे खरं, पण जुन्याच कन्सोलचं केसिंग कापून बनवलेली नकली वस्तूही तितकीच पिवळी असणार, आणि उलट खरी वस्तू कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पांढरीफटक केलेली असू शकते. म्हणजे हे सगळे पुरावे एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने बोथट. खोटं पकडायला उपयोगी, खरं ठरवायला फार कमी. हे ज्याला कळलं नाही तो विश्वास ठेवतानाही चुकतो आणि संशय घेतानाही.

आणि काही संशय तर निव्वळ अज्ञानातून येतात. ओबडधोबड आहे म्हणून फेक, हा त्यातला सगळ्यात कॉमन. अहो खरे प्रोटोटाइप ओबडधोबडच असतात. बोर्डावर हाताने ओढलेल्या वायरी, चिपवर पेनाने तारीख लिहिलेला स्टिकर, अर्धवट भरलेला बोर्ड, भलत्याच मशीनमधून उचललेला पॉवर सप्लाय. उलट मोठ्या कंपन्यांनी स्टेजवर दाखवलेल्या चकाचक वस्तूंमध्ये बऱ्याचदा काय असतं ते बघा. मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत एक्सच्या आकाराचा चमचमता अ‍ॅल्युमिनियमचा एक्सबॉक्स दाखवला, त्याचा विकायला आलेल्या काळ्या डब्याशी दिसण्यात काहीही संबंध नव्हता. २००५ च्या ई३ या गेम प्रदर्शनात एक्सबॉक्स ३६० चे डेमो चालू होते ते अ‍ॅपलच्या पॉवर मॅक जी५ वर, कारण फायनल हार्डवेअर तयारच नव्हतं आणि डेव्हलपरांना दिलेली सुरुवातीची किट तीच होती. आता उद्या कोणी एक पॉवर मॅक आणून म्हणाला की हा एक्सबॉक्स ३६० चा प्रोटोटाइप आहे तर आपण हसू, आणि तो खरं बोलत असू शकतो! सेगाचा नेप्च्यून घ्या, मेगा ड्राइव्ह कन्सोल आणि त्याला वरून जोडायचं ३२एक्स एकत्र करून एकच मशीन काढायचा प्लॅन होता, बाजारात आलाच नाही, आणि त्याचा म्हणून जो पीस माहीत आहे ते आतून रिकामं मॉक-अप. ते खोटं नाही, कंपनीनेच बनवलेलं आहे, फक्त ते चालणारं मशीन नाही. विकणारे मात्र मॉक-अप, डेव्हलपमेंट किट, टेस्ट बोर्ड आणि चालणारा प्रोटोटाइप हे सगळं एकाच "प्रोटोटाइप" मध्ये घालून टाकतात, आणि घेणाऱ्याने विचारलं नाही तर कोण सांगणार.

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हार्डवेअर नसून आतला कोड. केसिंग बनवता येतं, बोर्ड जुळवता येतो, आणि कुठलाही जुना गेम आज हाताच्या पंज्याएवढ्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवर किंवा एफपीजीएवर (जुन्या मशीनच्या सर्किटसारखी वागवता येणारी चिप) चालवता येतो, त्यामुळे "चालतोय" याला अर्थ नाही. पण आधी कोणी न पाहिलेला, त्या काळच्या पद्धतीने लिहिलेला, त्या काळच्या चुका आणि अर्धवट राहिलेले भाग असलेला प्रोग्राम नव्याने रचणं हे महाकठीण काम आहे, कारण तो एकदा बाहेर आला की हजारो लोक त्याची एकेक बाइट तपासतात आणि त्यांच्यातल्या काहींना त्या मशीनची नस न नस माहीत असते. सोनिकच्या पहिल्या गेमचा प्रोटोटाइप २०२१ च्या सुरुवातीला हिडन पॅलेस या जतन करणाऱ्या ग्रुपने बाहेर काढला तेव्हा वाद फार टिकलाच नाही, कारण फाइल सगळ्यांना मिळाली. जुन्या मासिकांतल्या फोटोंमध्ये मार्बल झोन या लेव्हलच्या आकाशात दिसणाऱ्या उडत्या तबकड्या, ज्या विकलेल्या गेममध्ये नव्हत्या, त्या इथे होत्या. आणि मासिकातल्या चित्राची नक्कल करून तबकड्या घालणं एकवेळ जमेल, पण चित्रात न दिसणारं बाकीचं सगळं, लेव्हलची जुनी रचना, मधल्याच अवस्थेतले कोडचे तुकडे, ते सगळं एकमेकांशी जुळवून कुठून आणणार? कोणाच्या शब्दावर विसंबायची वेळच आली नाही.

आता याच्या नेमकं उलट जे चाललंय त्याबद्दल. वस्तू कुठल्यातरी ग्रेडिंग कंपनीकडे द्यायची, ती बघून नंबर देते, जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये सील करते, आणि मग ती वस्तू खरी असल्याचा पुरावा म्हणजे ते प्लास्टिक. मला हा प्रकार मुळातच उलटा वाटतो. तपासणी म्हणजे कोणालाही पुन्हा करता आली पाहिजे अशी गोष्ट, आणि इथे तपासणीनंतर वस्तू अशी बंद करतात की दुसऱ्या कोणाला तपासताच येऊ नये, आणि तपासायला ते प्लास्टिक फोडलं तर किंमत पडते म्हणून मालकही फोडू देत नाही. पोकेमॉनच्या पत्त्यांचं प्रकरण ताजं आहे. १९९६ च्या सुमाराला, खेळ बाजारात यायच्या आधी चाचणीसाठी छापले म्हणून सांगितलेले प्रोटोटाइप पत्ते बाजारात आले, सीजीसी या ग्रेडिंग कंपनीने ते खरे म्हणून सील केले, लोकांनी हजारो डॉलर मोजले. २०२५ च्या सुरुवातीला काही चिवट कलेक्टरांनी त्यातल्या काही पत्त्यांचे स्कॅन घेऊन रंग वरखाली करून बघितले तर छपाईत बारीक पिवळे ठिपके दिसले. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक कागदावर असे डोळ्यांना न दिसणारे ठिपके सोडतात, त्यात मशीनचा नंबर आणि छापल्याची तारीख असते, आणि त्यातल्या एका प्रकारच्या ठिपक्यांची भाषा ईएफएफ या संस्थेने २००५ मध्येच उलगडून जगजाहीर केलेली. तर त्या १९९६ च्या पत्त्यांवरची तारीख निघाली २०२४.

ही माहिती वीस वर्षं सगळ्यांना उपलब्ध होती. पगारी तज्ज्ञांना ती बघायचं सुचलं नाही, घरी स्कॅनर असलेल्या संशयी माणसाला सुचलं. पत्ता कागदाचा आणि प्लास्टिक पारदर्शक म्हणून निदान स्कॅन तरी करता आला, कार्ट्रिजच्या आतला बोर्ड सीलमधून कसा बघणार?

यावर मालकांच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं काही मला पटतं. वस्तू त्यांची आहे, उघडताना जुनं प्लास्टिक तडकू शकतं, क्लिप तुटतात, आणि अनोळखी माणसांनी घरी येऊन स्क्रू फिरवावेत असं कोणालाच वाटणार नाही. कोणी जुना कर्मचारी असेल तर त्याला कंपनीने त्रास द्यायची भीती असते, ती खोटी नाही, असल्या वस्तू बऱ्याचदा मूळ कंपनीने परत मागायला पाहिजे होत्या अशाच असतात. ठीक आहे. नका उघडू. कोणी जबरदस्ती करत नाहीये. पण मग "हा खरा आहे" असं जाहीर म्हणू नका, लिलावाला लावू नका, आणि त्याच्या नावाने वर्गणी तर मुळीच मागू नका. घरात शोकेसमध्ये ठेवून खुश राहायला कोणाच्या सर्टिफिकेटची गरज नसते. दावा जाहीर केला, त्यावर पैसे मागितले, की तपासणी आलीच. फँटम नावाचा कन्सोल २००३ पासून येणार येणार म्हणून गाजला, प्रदर्शनात डबे झळकले, आणि शेवटी त्या कंपनीच्या हातून कन्सोल नाही, नुसता कीबोर्ड बाहेर आला. वेगा प्लस, म्हणजे स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या हातात धरायच्या आवृत्तीसाठी २०१६ मध्ये लोकांनी पाच लाख पौंडांहून जास्त दिले आणि बहुतेकांना तो कधी मिळालाच नाही. या दोन ठिकाणी विचारणाऱ्यांना "पॉझिटिव्ह रहा जरा" असंच सांगितलं जात होतं.

पण संशय घेणाऱ्यांनाही मोकळं सोडायचं नाहीये मला. आमच्यात एक जमात अशी आहे की उचलली जीभ लावली टाळ्याला, फोटो आला की फेक, व्हिडिओ आला की एडिट केलाय, बोर्ड दाखवला की बोर्डही बनवता येतो, कोड दिला की कोडही लिहिता येतो. याला संशय म्हणत नाहीत, हा हट्ट आहे, आणि तो आंधळ्या विश्वासाइतकाच बिनकामाचा कारण दोघांनाही पुराव्याने काही फरक पडत नाही. संशय घेणाऱ्याने आधीच सांगायला पाहिजे की मला अमुक तीन गोष्टी दाखवल्या की मी मान्य करीन. बोर्डाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, चिपमधल्या डेटाची कॉपी किंवा निदान कोणा तटस्थ माणसाने ती वाचल्याचं सांगणं, आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे आली त्यातलं किमान एक नाव किंवा कागद ज्याची पडताळणी होईल. आणि हे मिळालं की मान्य करायचं, तोंड वाकडं न करता. आणखी एक, शंका वस्तूवर घ्यायची, माणसावर नाही. कितीतरी वेळा मालक स्वतःच फसलेला असतो, त्याने कोणाकडून तरी चांगल्या मनाने विकत घेतलेलं असतं, आणि त्याला चोर म्हटलं की तो साहजिकच दार लावून घेतो, मग तपासायची संधीही गेली. मार्च २०१६ मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलच्या कंट्रोलरचे "लीक" फोटो आले होते, लांबट गोल आकाराची स्क्रीन असलेले, एक बनवला तर दुसऱ्या कोणीतरी त्यावरून आणखी एक भारी बनवला, आणि नंतर करणाऱ्याने स्वतःच कसा बनवला ते व्हिडिओत दाखवलं, थ्रीडी प्रिंट वगैरे. त्यावरून मोठमोठ्या बातम्या होऊन गेल्या होत्या. ते करणारे भामटे नव्हते, मजा म्हणून केलं होतं. पण अशी एखादी वस्तू पंधरा वर्षांनी, तो व्हिडिओ विसरला गेल्यावर, कोणाच्या तरी सामानात सापडली तर सापडणारा प्रामाणिकपणेच म्हणेल की मला प्रोटोटाइप मिळाला.

हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. पैसे बुडतात ते बुडतात, ज्याच्याकडे उधळायला आहेत तो उधळतो, पण एकदा खोटी वस्तू इतिहासात घुसली की तिला बाहेर काढणं फार अवघड. पॉलिबियस नावाच्या आर्केड मशीनची गोष्ट घ्या, १९८१, पोर्टलंड, खेळणाऱ्यांना म्हणे झटके यायचे आणि काळ्या कोटातले सरकारी लोक येऊन मशीनमधला डेटा घेऊन जायचे. मशीन नाही, बोर्ड नाही, कोड नाही, त्या काळातला एक छापील उल्लेख नाही, गोष्ट पहिल्यांदा दिसते ती पुष्कळ वर्षांनी इंटरनेटवर. तरी आज हौशी लोकांनी बनवलेली पॉलिबियसची कॅबिनेट आहेत, त्या नावाचे गेम आहेत, फोटो आहेत, आणि अजून थोडी वर्षं गेली की त्यातला कुठला फोटो कधीचा हे सांगणारं कोणी राहणार नाही. हे तर वस्तू नसताना झालं. वस्तू असेल, तीही सीलबंद, वर नंबर, तर काय होईल?

शेवटचा एक मुद्दा घाईचा आहे. खूप मालक सांगतात की कॉपी करून घेतली तर वस्तूचं वेगळेपण जातं, भाव पडतो, आधी विकू दे मग नवा मालक बघेल. भाव पडतो असं निदान त्या सोनी-निन्टेन्डोच्या पीसवरून तरी दिसत नाही, खोलून, दुरुस्त होऊन, आतला प्रोग्राम जगभर फिरून झाल्यावर त्याला ३ लाख ६० हजार मिळाले, आणि मला तर वाटतं खोललं म्हणूनच मिळाले. पण ते बाजूला ठेवा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले प्रोटोटाइप बहुतेक इप्रॉमवर असतात, वर काचेची खिडकी असलेल्या त्या चिप, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने पुसता येणाऱ्या. त्यांच्यात डेटा म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार, तो वर्षानुवर्षं थोडा थोडा गळत असतो, आणि खिडकीवरचा स्टिकर निघाला असेल तर काम आणखी लवकर होतं. त्या चिप लिहिल्याला आता तीस-चाळीस वर्षं झाली. त्यामुळे ज्याच्याकडे असा खराखुरा पीस आहे आणि जो सीलबंद ठेवून योग्य गिऱ्हाइकाची वाट बघतोय, त्याने निदान चिप वाचून एक कॉपी स्वतःजवळ तरी ठेवावी, मला नका देऊ, कोणालाच नका देऊ, कारण पुढे कधी ती चिप वाचायला घेतली आणि आत नुसता कचरा निघाला तर खरा प्रोटोटाइप आणि गेल्या वर्षी जुळवलेला डबा यांच्यातला दाखवता येण्यासारखा सगळ्यात मोठा फरकच गेलेला असेल, आणि तेव्हा मी समोर उभा राहून फेक म्हणालो तर त्याच्याकडे मला दाखवायला काही नसेल.